सेलचे दोन दिवस आणि फ्रिजवरची यादी: एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. नावं, दुकानं, गाव सगळं काढून टाकलंय, बाकी जे घडलं ते घडलं तसं लिहितेय. लिहायचं कारण असं की दोन दिवसांनी बिलं घेऊन बसलो तेव्हा पैसे कुठे गेले ते बिलांवरून कळत होतं पण का गेले ते कळेना, आणि ते कळायला मला सगळा शनिवार एकेक तास करून परत आठवावा लागला.

घरात आम्ही पाच जण. मी, नवरा, १४ वर्षांची लेक, ८ वर्षांचा धाकटा आणि सासूबाई, त्यांचं वय ७१, त्यांना मी आई म्हणते. सीझन संपतानाचा सेल होता, शनिवार-रविवार दोनच दिवस, आणि आम्ही जवळजवळ तीन महिने काही वस्तू मुद्दाम याच सेलसाठी थांबवून ठेवल्या होत्या, म्हणजे अगदीच बेसावध गेलो असं नाही. फ्रिजवर यादी होती, तिच्यात पाच ओळी: डबल बेडच्या दोन चादरी, लेकीला जॅकेट, धाकट्याला शाळेचे बूट, लेकीच्या अभ्यासाला खुर्ची, प्रवासाची मोठी बॅग.

प्रत्यक्ष रकमा देत नाही, एकूण बजेट १०० धरा. त्यात चादरींना १६, जॅकेटला १८, बुटांना १०, खुर्चीला ३० आणि बॅगेला २० असं ठरलं होतं, उरलेले ६ किरकोळ खर्चाला. हा हिशेब शुक्रवारी रात्री नवऱ्याने आणि मी बसून केला होता आणि मला अजूनही वाटतं की हिशेब बरोबरच होता, त्यात काही चूक नव्हती. तो कागद फ्रिजवरच राहिला हा वेगळा भाग, पण लेकीने त्याचा फोटो काढून घेतला होता त्यामुळे यादी सोबत नव्हती असंही म्हणता येत नाही.

शनिवारी काय घडलं

निघायचं साडेनऊला ठरलं होतं, निघालो अकराला. पहिल्या दुकानात पोचलो तेव्हा पार्किंगला जागा शोधण्यातच पाऊण तास गेला आणि आत शिरलो ते सगळेच थोडे घाईवर आलेले. दारातच ट्रॉल्या लावलेल्या होत्या, नवऱ्याने सवयीने एक ओढून घेतली. चाकांची ट्रॉली १९३७ साली सिल्व्हन गोल्डमन नावाच्या अमेरिकन दुकानदाराने आणली, आणि ती आणण्यामागे त्याने पाहिलेली एक साधी गोष्ट होती की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात. आम्हाला त्या दुकानातून फक्त दोन चादरी घ्यायच्या होत्या, त्या हातातही आल्या असत्या. पण ट्रॉली घेतल्यावर जड व्हायचा प्रश्नच मिटला.

चादरींवर ऑफर होती, तीन घ्या एक फुकट. आम्हाला दोन हव्या होत्या. तिथे उभ्या उभ्या आमचं जे बोलणं झालं ते असं की चार मिळतायत आणि पैसे तीनचे, म्हणजे प्रत्येक चादर २५ टक्के स्वस्त, शिवाय चादरी काय लागतातच. हे सगळं खरं होतं. पण एक चादर ८ ला होती, दोन घेतल्या असत्या तर १६ झाले असते आणि आम्ही २४ देऊन बाहेर पडलो. म्हणजे २५ टक्के सूट मिळवायला खर्च ५० टक्क्यांनी वाढवला. हे गणित धाकट्यालाही जमलं असतं इतकं सोपं आहे, पण तिथे आम्ही सगळे एका चादरीचा भाव बघत होतो, बिलाचा आकडा कुणीच बघत नव्हतं.

तिथेच ट्रॉलीत काचेच्या बरण्यांचा सेट आला, भिंतीवरचं घड्याळ आलं आणि लेकीचे तीन टी-शर्ट आले. कुणी काय टाकलं हे नंतर आम्हाला नीटसं आठवेना. प्रत्येक वस्तू छानच होती आणि खरंच स्वस्त होती.

मग नवऱ्याला फोनवर दिसलं की दुसऱ्या एका दुकानात फोल्डिंगची छत्री अर्ध्या किमतीत आहे. तिकडे जायला गर्दीतून ४० मिनिटं लागली आणि छत्रीत वाचले ते आमच्या त्या १०० मधले जेमतेम २. इथे मला एक जुना प्रयोग सांगायचाय कारण तो अगदी आमच्यावरच केल्यासारखा वाटतो. ॲमॉस टव्हर्स्की आणि डॅनियल कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना विचारलं होतं की तुम्ही एक जॅकेट आणि एक कॅल्क्युलेटर घेताय, २० मिनिटांवरच्या दुकानात कॅल्क्युलेटर ५ डॉलरने स्वस्त आहे, जाल का? कॅल्क्युलेटर १५ डॉलरचा होता तेव्हा ६८ टक्के लोक जाऊ म्हणाले, तोच १२५ डॉलरचा केला तर फक्त २९ टक्के. वाचणारे पैसे तेच, गाडी चालवायची ती तेवढीच. छत्रीवर ५० टक्के दिसले म्हणून आम्ही गाव ओलांडलं, आणि यादीतली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे खुर्ची, तिच्यासाठी दोन दुकानं बघू असं दिवसभरात कुणाच्या तोंडून निघालं नाही.

छत्रीच्या दुकानाशेजारीच कपड्यांचं मोठं दुकान होतं, तिथे लेकीला जॅकेट आवडलं. वर बोर्ड ५० टक्के अधिक २० टक्के. नवरा म्हणाला, ‘‘सत्तर टक्के सूट, घेऊन टाक.’’ लेक म्हणाली, ‘‘बाबा, साठ.’’ तिचं बरोबर होतं, १०० चे आधी ५० होतात आणि मग त्या ५० वर २० टक्के म्हणजे ४०, सूट ६० टक्के. तो हिशेब सांगता सांगताच ती टॅगशी चाळा करत होती, टॅगवर स्टिकर होतं आणि त्याचा एक कोपरा सुटलेला होता, तिने तो नखाने उचकटला. खाली अजून एक किंमत होती, वरच्या स्टिकरवर ‘मूळ किंमत’ म्हणून जी खोडून दाखवली होती तिच्यापेक्षा बरीच कमी. म्हणजे आधी किंमत वर चढवली होती आणि मग तिच्यातून ६० टक्के उतरवले होते. तिने काही न बोलता तो कोपरा परत दाबून बसवला, जॅकेट हँगरला लावलं आणि म्हणाली, ‘‘आई, नको हे.’’

दिवसभरात कुणीतरी नको म्हटलेली ही एकच वेळ. त्याकडे मी परत येणार आहे.

खोडलेल्या आकड्याचं एवढं काय वाटून घ्यायचं, शेवटी आपण देतो तीच किंमत ना, असं मला आधी वाटायचं. पण डोक्यात पहिला पडलेला आकडा पुढचा सगळा अंदाज ओढून नेतो. टव्हर्स्की आणि कानमन यांच्याच १९७४ च्या लेखात एक प्रयोग आहे, लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवायचं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं, आणि मग विचारायचं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतल्या देशांचं प्रमाण किती टक्के असेल. ज्यांना १० दिसला त्यांचा मधला अंदाज २५ आला, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. चाकाचा त्या प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. खोडलेल्या किमतीचा तर वस्तूशी निदान संबंध तरी असतो, मग तिचा जोर किती असेल. युरोपियन युनियनने म्हणूनच नियम केलाय की सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमतच ‘आधीची किंमत’ म्हणून दाखवायची.

शेवटचं दुकान बुटांचं. तोवर साडेपाच झाले होते. रांग बाहेरपर्यंत, बसायला दोनच स्टुलं, त्यावर दुसरी मुलं. धाकटा ४० मिनिटं उभा होता, मग बूट पायात घातले, मी विचारलं, ‘‘होतायत ना?’’ तो ‘‘हो’’ म्हणाला. बोटाने पुढे दाबून बघितलं, मला वाटलं बसतायत. त्याने मोजे घातलेले नव्हते, त्याला चालवून बघितलं नाही. काउंटरच्या वर लिहिलेलं होतं की सेलचा माल बदलून मिळणार नाही, ते मी पैसे देताना वाचलं.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं की आई बराच वेळ काहीच बोलल्या नाहीयेत. त्या बुटांच्या दुकानात आल्याच नव्हत्या, बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. दुपारची गोळी राहिली होती, पर्समध्येच होती पण पोटात काही नसताना घ्यायची नाही आणि खायला थांबायचं आमचं काही ठरलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘‘आई, सांगायचं ना.’’ त्या म्हणाल्या, ‘‘अगं, तुम्ही सगळे घाईत होतात.’’ रागाने नाही म्हणाल्या, अगदी साधं म्हणाल्या, आणि घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

अडचण नेमकी काय होती

रात्री जेवणं झाल्यावर बिलं टेबलावर मांडली. १०० पैकी ६४ संपले होते. यादीतल्या पाच ओळींपैकी खोडल्या गेल्या दोन, चादरी आणि बूट, त्या दोन्हीचे मिळून ३१. बाकीचे ३३ यादीत नसलेल्या वस्तूंवर, बरण्या, घड्याळ, टी-शर्ट, छत्री. हातात ३६ उरलेले आणि जॅकेट, खुर्ची, बॅग मिळून लागणार होते ६८.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं की मोह आवरला नाही. पण मला हे उत्तर पटत नाही, कारण आमच्यापैकी कुणीच तसा उधळ्या नाही. मी एकेक वस्तू धरून सगळ्यांना विचारलं, ही घेताना तुला काय वाटलं होतं? बरण्यांबद्दल नवरा म्हणाला मला वाटलं तुला हव्यात, मी म्हटलं मला वाटलं आईंनी टाकल्या, आईंना वाटलं लेकीने टाकल्या असतील. घड्याळाचं तेच. म्हणजे पाचही जणांना वाटत होतं की नको असेल तर दुसरं कुणीतरी म्हणेल. एकटी गेले असते तर मी त्या बरण्या नक्की घेतल्या नसत्या. यादीत काय घ्यायचं ते होतं, नको कुणी म्हणायचं ते कुठेच नव्हतं.

आणि दुसरं, यादीत वस्तूंची नावं होती, मापं नव्हती. हे रात्रीच कळलं कारण लेकीने उत्साहाने नवी चादर घालायला घेतली. पाकिटावर लांबी-रुंदी बरोबर होती पण चादर इलॅस्टिकची, फिटेड, आणि आमची गादी जाड. तीन कोपरे बसले, चौथा ओढला की पहिला निसटायचा. लांबी-रुंदी आम्हाला तोंडपाठ होती, गादीची उंची जन्मात कुणी मोजली नव्हती. आता अशा चार चादरी आमच्याकडे होत्या.

कुठले पर्याय होते

रविवारचं काय करायचं यावर बराच वेळ बोलणं झालं, थोडी भांडाभांडीही झाली.

रविवार रद्द करायचा, हा आईंसाठी आणि धाकट्यासाठी सगळ्यात बरा होता, पण लेकीची खुर्ची खरंच मोडलेली होती आणि ती रोज तीन-चार तास तिच्यावर बसते, तिची पाठ दुखते म्हणून तर हे सगळं सुरू झालं होतं. सगळ्यांनीच परत लवकर निघायचं, हे नवऱ्याचं म्हणणं, की घोळ फक्त उशिरा निघाल्यामुळे झाला. मला ते पटलं नाही, दीड तास आधी निघालो असतो तर दीड तास जास्त खरेदी केली असती. सगळं ऑनलाइन मागवायचं हे लेकीने सुचवलं, जॅकेटला ते चाललं असतं, पण खुर्चीवर बसून न बघता खुर्ची घ्यायला मी तयार नव्हते. उरला पर्याय दोघांनीच जायचा, मी आणि लेक, दुकान उघडताना जायचं आणि दोन तासांत परत.

हा शेवटचा ठरला. ठरल्यावर मी आईंना म्हटलं, ‘‘आई, तुम्ही उद्या आराम करा.’’ तर त्या म्हणाल्या, ‘‘मला यायचंय.’’ आम्ही सगळे गप्पच. ‘‘मला हिंडायला आवडतं गं, मला रांगेत उभं राहायला नाही होत.’’

माझ्या मते दोन दिवसांतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. शनिवारी आम्ही त्यांना न विचारता दिवसभर फिरवलं आणि आता त्यांच्या काळजीने परत न विचारताच घरी बसवत होतो. दोन्ही वेळा ठरवलं आम्हीच. मग असं ठरलं की त्या फक्त खुर्चीच्या दुकानात येतील, तिथे बसायला जागा असणारच, आणि दुपारच्या गोळीच्या आधी आपण घरी असू.

रविवारी काय केलं

सकाळी निघायच्या आधी लेकीने एक सुतळी घेतली. टेबलाखाली बसून जमिनीपासून टेबलाच्या फळीच्या खालच्या कडेपर्यंत सुतळी ताणली आणि तिथे गाठ मारली. मग खोलीच्या कोपऱ्यात कपाट आणि भिंतीच्या मधली जागा मोजून दुसरी गाठ. मी म्हटलं टेप आहे की घरात, तर म्हणाली टेपचे आकडे मी दुकानात विसरेन, गाठ विसरणार नाही. सुतळी खिशात घातली.

यादी नव्याने लिहिली, दोनच ओळी, खुर्ची आणि जॅकेट. प्रत्येकीपुढे जास्तीत जास्त किती द्यायचे आणि नाही मिळालं तर काय, दोन्हीला उत्तर एकच होतं की नाही मिळालं तर नाही. बॅग कापली, प्रवास दोन महिन्यांवर होता, नणंदेकडे मोठी बॅग पडून होती, तिला फोन केला तर म्हणाली घेऊन जा. हा फोन शुक्रवारी केला असता तर बजेटचे २० मोकळे झाले असते. आणि नको म्हणायचं काम लेकीकडे दिलं, तिने नको म्हटलं की विषय संपला, कारण विचारायचं नाही.

खुर्चीच्या दुकानात दोन खुर्च्या मनात भरल्या. एक डिस्प्लेवरची, ६० टक्के सूट, मऊ, हात टेकायला दांडे असलेली. दुसरी साधी, १५ टक्के. सूट वजा जाता दोन्ही जवळपास एकाच किमतीला येत होत्या, म्हणजे मूळची महाग ती आणि मूळची साधी ही. लेक पहिल्या खुर्चीवर दहा मिनिटं बसली, पुढे झुकून लिहिल्यासारखं केलं, वर-खाली करायचा दांडा ओढला, गॅस लिफ्ट नीट उचलत होती आणि बसल्यावर हळूहळू खाली जात नव्हती, ते ती थांबून बघत होती. मग सुतळी काढली. तिच्या उंचीला सीट आणली तर खुर्चीचे हात गाठीच्या वर येत होते, म्हणजे घरी टेबलाखाली जाणार नव्हते आणि ती टेबलापासून लांबच बसली असती. दुसऱ्या खुर्चीला हातच नव्हते.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘साठ टक्केवाली सोडून पंधरावाली घ्यायची?’’ त्याचं चुकलं नाही, तेच मलाही आतून वाटत होतं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ च्या लेखात हे फार नेमकं मांडलंय की वस्तूचं समाधान वेगळं आणि सौदा चांगला पटल्याचं समाधान वेगळं, आणि हे दुसरं इतकं गोड असतं की त्याच्यासाठी माणूस नको ती वस्तूही घरी आणतो. मला त्या ६० चं समाधान खरंच हवं होतं. पण सौद्याचं समाधान बिल होईपर्यंत टिकतं आणि खुर्चीवर तिला पुढची चार वर्षं बसायचंय. आम्ही साधी घेतली, २४ ला.

या सगळ्यात आई तिथल्याच एका सोफ्यावर बसल्या होत्या आणि मजेत होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांकडे बघत. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा त्यांनी चप्पल काढून पाय वर घेतले होते. चप्पल उलटी पडली होती आणि तिचा टाचेकडचा भाग एका बाजूने पार झिजून कागदासारखा झालेला होता. मी हातात घेऊन बघत राहिले. त्या म्हणाल्या, ‘‘चालतंय अजून.’’ तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन महिने आम्ही ज्या यादीत भर घालत होतो तिच्यात पाच ओळी होत्या आणि आईंच्या नावाची एकही नव्हती. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

जॅकेट शेजारच्या एका छोट्या दुकानात मिळालं, सेलचा बोर्डही नव्हता, मागच्या सीझनचा रंग म्हणून कमी किमतीत होतं. लेकीला काळं हवं होतं. दुकानातल्या दिव्याखाली ते काळं दिसत होतं, पण ती ते घेऊन दारापर्यंत गेली आणि उजेडात धरलं तर गडद निळं. दुकानाच्या दिव्याचा उजेड आणि बाहेरचा उजेड यांची घडण वेगळी असते त्यामुळे एकच कापड दोन ठिकाणी दोन रंगांचं दिसू शकतं, गडद रंगांत तर हे हमखास फसवतं. तिने जरा विचार केला आणि निळंच घेतलं, पण निळं म्हणून घेतलं. १४ ला.

येताना मला एक टेबललॅम्प दिसला, नव्या खुर्चीबरोबर शोभला असता, सूटही चांगली होती, मी हातात घेतला. लेक म्हणाली, ‘‘आई, नको.’’ मी परत ठेवला. खरं सांगायचं तर एक क्षण मला राग आला, पण कारण विचारायचं नाही हे मीच ठरवलेलं होतं. अकरा चाळीसला आम्ही घरी होतो.

निकाल

शनिवारचे ६४, रविवारचे ३८, एकूण १०२. बरण्यांचा सेट न उघडलेला होता आणि त्यावर परत न घेण्याची अट नव्हती, तो नवरा सोमवारी जाऊन परत देऊन आला, ९ सुटले. पण सोमवारीच धाकटा शाळेतून लंगडत आला, डाव्या पायाच्या अंगठ्याला लाल झालेलं. बूट ७ ला घेतले होते, बदलून मिळणार नव्हते, ते त्याच्या आतेभावाला गेले आणि दुसरे पूर्ण किमतीत १० ला घ्यावे लागले. शेवटचा आकडा १०३, बॅग न घेता. चादरींपैकी दोन आम्ही कोपऱ्यांना पट्ट्या शिवून वापरतोय, दोन पाकिटातच आहेत, चारांचा मिळून एक सेट म्हणून विकल्यामुळे परत घेतल्या नाहीत. घड्याळ लावलंय, चांगलं आहे. छत्री नवऱ्याच्या गाडीत असते.

लेकीची पाठ आता दुखत नाही. हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा आणि तो बिलावर दिसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बुटांचं मला सगळ्यात लागलंय म्हणून ते आधी. संध्याकाळी घेतले ही वेळ खरं तर योग्यच होती, दिवसभरात पाय थोडे सुजतात म्हणून बूट संध्याकाळीच मापायचे असतात. पण मोजे घालून, दोन्ही पाय, कारण दोन्ही सारखे असतीलच असं नाही, उभं राहून, आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडून. यातलं एकही केलं नाही. आणि त्याहून मोठं म्हणजे मी ज्याला विचारत होते तो ४० मिनिटं उभा राहिलेला ८ वर्षांचा मुलगा होता. त्याचा ‘हो’ बुटांना नव्हताच, तो घरी जायला होता. नंतर त्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘मी नाही म्हटलं असतं तर परत रांग लागली असती ना.’’ दमलेल्या मुलाला होतायत का असं विचारूच नये, त्याला चार पावलं चालायला सांगावं आणि पाय बघावा. त्या दिवशी बूट पहिले घेतले असते आणि चादरी शेवटी, तरी बरंच वाचलं असतं, ज्या वस्तूला अंगावर घालून बघायचंय ती माणसं ताजी असताना घ्यायची.

बदलून मिळेल की नाही हे पैसे देताना नाही, वस्तू हातात घेताना विचारायचं. एक प्रश्न आहे, दहा सेकंद लागतात.

नकार एकाकडे द्यायचा, हे आम्ही पुढेही चालू ठेवलंय, दर वेळी वेगळ्या माणसाकडे. नवऱ्याला आधी हे विचित्र वाटलं होतं, मुलीकडून परवानगी कशाला. पण ती परवानगी नाहीच, पाचांतल्या एकाला तरी ‘नको’ हे आपलं काम वाटावं एवढंच. लेकीने जॅकेटला शनिवारी नको म्हटलं कारण ते तिचं होतं, तिला ते घालायचं होतं. बरण्या कुणाच्याच नव्हत्या. एक शंका मला अजून आहे, धाकट्याकडे हे काम दिलं तर तो लवकर घरी जायला सगळ्यालाच नको म्हणेल का? अजून देऊन बघितलेलं नाही.

आणि यादी करताना एकेकाला समोर बसवून विचारायचं, तुला काय हवंय. जे मागतात त्यांच्या ओळी आपोआप येतात.

त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी मी आणि आई दोघीच गेलो, सेल संपला होता, दुकान रिकामं. त्यांनी चपलांचे तीन जोड घालून बघितले, तिसरा घालून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा चालल्या, एकदा थांबून टाच दाबून बघितली, परत चालल्या. वीस मिनिटांत झालं, पूर्ण किंमत दिली. दुकानदाराने खोक्यात घालू का विचारलं तर म्हणाल्या, ‘‘जुनी घाला खोक्यात, ही पायातच राहू दे.’’